दोघांपुरती

परतीचा पाऊस काही सांगूनसवरून येत नाही. त्या दिवशी भर दुपारी तो अंबाजोगाईवर कोसळला. डोक्यावर ओढणी आणि हातात झाकण घातलेलं लहानसं पातेलं घेऊन वर्षाराणी पळत पळत धर्मशाळेच्या पत्र्याच्या शेडमध्ये शिरली… आणि धुरात कुणाच्या तरी पाठीवर जाऊन आदळली.

"अहो, बघून!" पाठ म्हणाली.

"तुमीच बघा की! एवढा धूर केलाय, कोन दिसनार हाय त्यात?"

धूर जरा विरला तेव्हा दिसला एक उंचापुरा गडी. बाह्या दुमडलेल्या, डोळे लालबुंद, हातात वल्ह्याएवढा झारा. आणि समोर चुलीवर… वर्षाराणी बघतच राहिली. एवढं पातेलं तिनं फक्त लग्नाच्या मांडवामागं बघितलं होतं.

"लग्न कुनाचं हाय?" तिनं विचारलं.

"कुनाचं न्हाई, ताई. आमच्या अण्णांसाठी खिचडी टाकलीय. पोटाचं आपरेशन झालंय त्यांचं. वाटीभर खातेत."

"वाटीभर? ह्यात तर अख्खा वॉर्ड जेवंल!"

त्यानं पातेल्यात डोकावून बघितलं, मग तिच्याकडं, आणि कपाळावरचा घाम मनगटानं पुसत म्हणाला, "मलाबी आत्ता तेच वाटाया लागलंय."

वर्षाराणीला हसू आवरेना.

दवाखान्यामागची ही धर्मशाळा जुनी. पेशंटजवळ राहणाऱ्या नातेवाइकांनी शेडमध्ये चूल पेटवायची, आपापलं शिजवायचं, ही रीतही तितकीच जुनी. आता डबे मिळतात, फोन केला की जेवण दारात येतं. पण दुखण्यातून उठणाऱ्या माणसाला आपल्या माणसाच्या हातचा मऊ घास लागतो, म्हणून त्या शेडमधला धूर काही थांबला नव्हता.

वर्षाराणी युसूफ वडगावची. तिची आत्या मंजुळाबाई अंगणात घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. आई-बाप ऊसतोडीला जायचे तेव्हा ह्याच आत्यानं तिला सांभाळलं, शिकवलं, शिलाईचं मशीन घेऊन दिलं. तेव्हा आत्यापाशी राहायला दुसरं कोण येणार?

आणि हा गडी म्हणजे बजरंग, शिरूर कासारकडचा. त्याचे वडील शहादेव अण्णा हरिनाम सप्त्यांतले नावाजलेले आचारी. गावोगावच्या पंगती त्यांच्या हातच्या खिचडीवर उठलेल्या. पोरगाही त्याच कढईशेजारी वाढला.

"दोन पोत्यांच्या खिचडीला मीठ किती, ते डोळे मिटून सांगतो," तो म्हणाला. "पर एका वाटीला किती… ते कुनी शिकवलंच न्हाई."

त्या दुपारी खरोखरच अख्खा वॉर्ड जेवला. केजच्या एका मेकॅनिकची बायको, जिनतचाची, नवऱ्याच्या पायाचं प्लास्टर सुटायची वाट बघत तिथंच राहिली होती. तिनं सगळ्यांना हाका मारल्या. "आओ रे आओ! इस पोट्टे के हात में बरकत है!" बाया-बाप्ये ताटल्या घेऊन आले. बजरंगनं सगळ्यांना वाढलं, हवं-नको विचारलं, आणि सगळे उठल्यावर उभ्याउभ्याच दोन घास खाल्ले.

"बसून खावा की," वर्षाराणी म्हणाली.

"आचारी शेवटी खातो, ताई. अन् एकटाच खातो. सवय हाय."

जेवले नाहीत ते फक्त अण्णा. एक घास तोंडात घेतला आणि वाटी सरकवली. "ही पंगतीची हाय बाबा. दुखन्यातल्या मानसाची न्हाई."

बजरंगचं तोंड एवढंसं झालं. डॉक्टर म्हणाले होते, अण्णा नीट खायला लागले की घरी सोडू. आणि अण्णा तर घासच गिळेनात. ते बघून वर्षाराणीनं आत्याच्या पातेल्यातली वाटीभर खिचडी त्यांच्यापुढं ठेवली. सालीची मूगडाळ, जुना तांदूळ, जिरं, हिंग, हळद, वरून तुपाची धार. अण्णांनी वास घेतला. मग चमचा… मग दुसरा. वाटी रिकामी करून त्यांनी पोराकडं बघितलं. "शिक जरा हिच्याकडून."

असा तो शिकवणीवर्ग सुरू झाला.

"डाळ-तांदूळ धुवून घ्यायचे. पातेल्यात सपाट करायचे. त्यावर बोट टेकवायचं अन् दुसऱ्या पेरापर्यंत पानी घालायचं. बास."

"बास? माप न्हाई, काय न्हाई?"

"बोट हाय की. ते काय कुठं इसरून यायचं हाय?"

बजरंगनं सांगितलं तसं केलं. तरी खिचडीची पार पेज झाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. वर्षाराणीनं डोक्याला हात लावला, मग तिचं लक्ष त्याच्या हाताकडं गेलं. कढया उचलून उचलून रुंद झालेला पंजा, लांबलचक बोटं.

"बोट हाय का मुसळ? दावा बरं इकडं."

त्यानं बोट पुढं केलं. तिनं आपलं बोट त्याच्या बोटाला लावून धरलं. "हे बघा. माझं दुसरं पेर तुमच्या… हितवर येतंय." तिच्या नखाला हळद लागलेली होती. त्याच्या बोटावर पिवळा ठिपका उमटला. दोघांनीही तो बघितला. पत्र्यावर पाऊस वाजत होता, चूल धुपत होती, आणि बोटं बाजूला घ्यायचं कुणालाच सुचत नव्हतं…

"इत्ता पानी नापने को इत्ता टाइम?" मागून जिनतचाची खाकरली.

वर्षाराणीनं फुंकणी उचलली आणि विझत आलेल्या चुलीत उगाच जोरजोरात फुंकायला लागली.

त्यानंतर खिचडी हवी तेवढी मऊ व्हायला लागली. बेताची मात्र काही होईना. बजरंगचा हात डब्यात गेला की मूठ मोठीच निघायची. दुपार झाली की शेडबाहेर ताटल्या वाजायच्या, आणि सगळे जेवेपर्यंत वर्षाराणीही थांबायला लागली. तो उभा राहून खायचा, ती समोर बसून त्याला टोमणे मारायची.

"तुमच्या घरी पावना आला तर काय करता? गाव बोलावता का?"

"गाव आधीच आलेलं असतंय, ताई."

सगळं छान होतं. फक्त ते 'ताई' तिला टोचायला लागलं होतं. जिनतचाचीलाही टोचत असावं. एकदा तिनं त्याला बाजूला घेऊन ऐकवलंच, "अरे, हर किसी को ताई बोलेगा तो बुड्ढा हो जाएगा कुंवारा!" बजरंग कानापर्यंत लाल झाला. पण ताई काही सुटलं नाही.

मंजुळाबाईंचा खुबा मोडला होता, डोळे शाबूत होते. एका संध्याकाळी पोरीकडून वेणी घालून घेताना त्या म्हणाल्या, "तुज्या बापाचा फोन आलता. रविवारी लातूरची पावनं तुला बघायला येनार हायेत, हितंच दवाखान्यात. पोरगा सरकारी नोकरीला हाय."

वर्षाराणीचा हात थांबला.

"वेनी घाल. तुज्या मनात दुसरं कोन असंल तर मी भावाला गप करते. माजं ऐकतो तो. पर त्या पोरानं सोताच्या तोंडानं इचारलं पायजे. माज्या पोरीनं कुनाच्या मागं फिरायचं न्हाई. कळलं?"

"कोन पोरगा, आत्या?"

"मला काय इचारतीस? रोज दुपारी चार घास जास्त खाऊन येतीस, ते कुनाच्या हातचे?"

दुसऱ्या दिवशी चुलीपाशी तिनं विषय काढला. अगदी सहज, डाळ निवडता निवडता. "रविवारी मला बघाया यायलेत."

झारा पातेल्यात फिरत राहिला. "कुठले?"

"लातूरचे. नोकरी हाय."

"मंग चांगलंच हाय की… ताई."

तिनं ताट खाली ठेवलं. "तुमाला दुसरं काय बोलायचं न्हाई?"

बजरंगनं चुलीत एक लाकूड सारलं. "मी काय बोलू? मलाबी स्थळं आलती. पोरीकडचे येतेत, पोटभर जेवतेत, हाताची तारीफ करतेत. मंग हात धुतेत अन् म्हनतेत, पोरगा नोकरीला न्हाई, आचारी हाय. आता इचारायचीच भीती वाटती बघा."

"मी जेवून, हात धुवून गेले का कवा?" वर्षाराणी उठली. "रोज थांबले. तुमचा शेवटचा घास होईपर्यंत थांबले. ते दिसलं न्हाई तुमाला?"

ती तशीच निघाली. आपलं पातेलंही तिथंच विसरली.

त्याच संध्याकाळी डॉक्टरांनी अण्णांना तपासलं. खाणं सुधारलंय, सकाळी घरी जा म्हणाले. व्हरांड्यात ही बातमी ऐकून वर्षाराणीला आनंद व्हायला हवा होता. तिच्याच खिचडीनं अण्णा बरे झाले होते. आणि आता त्याच खिचडीपायी बजरंग चालला होता…

सकाळी आभाळ मोकळं झालं होतं. धुतलेल्या झाडांवर ऊन पडलं होतं. पातेलं आणायला जायचं की नाही, ह्यावर तिचं मन वर-खाली होत होतं. शेवटी आत्याच म्हणाली, "जा. भांडं तरी घरचं हाय आपलं."

शेडबाहेर आज सकाळीच ताटल्या जमल्या होत्या. बजरंगच्या हातची शेवटची खिचडी कोण सोडणार? कट्ट्यावर अण्णा टोपी घालून, पिशवी मांडीवर घेऊन बसलेले. बजरंग चुलीपुढं बसला होता. मोठं पातेलं घासून पालथं घातलेलं. चुलीवर तिचं लहान पातेलं रटरटत होतं.

जिनतचाचीनं ताटली पुढं केली. "डाल बेटा."

"आज न्हाई, चाची."

"कायकू? खतम?"

"खतम न्हाई." त्यानं पातेल्यावर झाकण सरकवलं. "आज दोघांपुरतीच हाय."

कुजबुज झाली. कुणीतरी म्हणालं, "बरोबर हाय. बापलेकांना वाटंला लागायचंय."

"माजं नाव घेऊ नका," अण्णा कट्ट्यावरून म्हणाले. "मी चहा-बिस्कुट खाऊन बसलोय."

मग सगळ्या माना हळूहळू दाराकडं वळल्या. दारात वर्षाराणी उभी होती.

"वर्षाराणी," तो म्हणाला. नुसतं वर्षाराणी. मागं-पुढं काही नाही. त्यानं हात पुढं केला. बोटावर हळदीची बारीक रेघ ओढलेली होती. "तुमचं पेर इसरू नये म्हनून सकाळीच ओढली. पानी हितवरच घातलंय. बघता का, जमलंय का?"

ती म्हणाली, "आचारी आधी जेवत न्हाई म्हने."

"आज जेवनार हाय. अन् एकटा न्हाई."

"काय इचारायचं ते नीट इचारा. सगळी उपाशी उभी हायेत."

बजरंगनं एकदा अण्णांकडं बघितलं. अण्णांनी टोपी सारखी केली आणि मुद्दाम दुसरीकडं तोंड फिरवलं.

"सप्ते असतेत, पंगती असतेत, मी आठ-आठ दिवस बाहेर असतो… नोकरी न्हाई मला. पर घरी असंन तवा रोज दोघांपुरती मी शिजवीन. जेवाया बसशील का?"

वर्षाराणीनं ओढणी सावरली, आत आली, आणि चुलीपुढं मांडी घालून बसली. त्यानं वाढलं. तिनं पहिला घास खाल्ला. सगळ्या ताटल्या गप्प.

"मीठ कमी हाय," ती म्हणाली.

त्याचा चेहरा पडला.

"असू द्या. घरी गेल्यावर शिकवीन."

जिनतचाचीनं ताटलीवर चमचा असा काही वाजवला की पलीकडून नर्सबाई रागावत आल्या, आणि काय झालंय ते कळल्यावर हसत परत गेल्या. दोघं शेजारी बसून जेवली. तो पहिल्यांदाच बसून जेवत होता, त्यामुळं त्याला पाय कुठं ठेवावेत ते कळत नव्हतं. पोटभर जेवण झालं, तरी पातेलं अर्ध्याहून जास्त भरलेलंच होतं. बजरंग डोकं खाजवायला लागला.

"चाची," वर्षाराणी हसत म्हणाली, "आना त्या ताटल्या."

वॉर्डात मंजुळाबाईंनी तिच्या हातातल्या वाटीकडं बघितलं, मग पोरीच्या तोंडाकडं. उशाखालचा फोन काढला आणि भावाला लावला.

"हां, मी बोलतीय. लातूरच्या पावन्यांना सांग, येऊ नका म्हनावं… कामून म्हंजे? ठरलं आपल्या पोरीचं… घरी आल्यावर सांगते सगळं." त्यांनी खिचडीचा एक चमचा तोंडात घातला, चव घेतली, आणि पुन्हा फोन कानाला लावला. "अन् ऐक, माळ्यावरचं मोठं पातेलं काढून घासून ठेव. ह्या जावयाला लहान भांडं पुरायचं न्हाई."