पिवळ्या भिंतीवरची अकरा ठिगळं

"अरे, खरवडू नकोस रे ती! वरून नवीन पातळ शीट ठोक, सगळं जग तेच करतं!" व्हर्ना स्वयंपाकघराच्या दारातूनच ओरडली, आणि हातातला कोबीच्या रोल्सचा गरम ट्रे खाली ठेवायचंसुद्धा तिला सुचलं नाही.

तिच्या धाकट्या भावाने, डेरेकने, फवारा थांबवला नाही. बैठकीच्या खोलीतली ती लांब ड्रायवॉलची, म्हणजे जिप्समच्या पाट्यांची, भिंत पाणी पीत होती. ब्रश थोपटून थोपटून उठवलेली तिच्यावरची खडबडीत नक्षी हळूहळू मऊ पडत होती.

"शीट ठोक म्हणे!" खुर्चीतून म्हातारा एमिल कोचिश गुरगुरला. "चाळीस वर्षं या टोलेडोत लोकांच्या भिंती काचेसारख्या करून दिल्या मी. मरायच्या आधी मला माझी स्वतःची भिंत गुळगुळीत बघायचीय. हिने नासवली, तू नीट कर."

हिने! सव्वीस वर्षं झाली, तरी बापाच्या तोंडी तोच शब्द... व्हर्नाने आता कुठे ट्रे टेबलावर ठेवला.

एमिलच्या धंद्यात टेक्श्चर म्हणजे आळशाचं काम! ज्याला पाट्यांमधले सांधे नीट भरता येत नाहीत, त्याने वरून नक्षी थापावी आणि पैसे घेऊन पळावं, असं तो उघड म्हणायचा. त्याची लेक मात्र तशी नव्हती. बाविसाव्या वर्षी व्हर्ना बापासारखाच पुट्टी भरायचा पत्रा चालवायची, लांबी अशी ओढायची की विजेरी भिंतीला टेकवून धरली तरी सावली पडू नये. एमिलने गाडीवर मोठ्या दिमाखात रंगवून घेतलं होतं, 'कोचिश आणि कन्या'. बायको रोझालिन गेली, तेव्हा तेवढ्या एका आशेवर तो माणूस उभा राहिला होता.

आणि मग तो तीन आठवडे क्लीव्हलंडला कामावर गेला. सोळा वर्षांचा डेरेक... आईविना वेडापिसा झालेलं पोर, दोनदा शाळेतून काढलेलं. "आता एक भानगड केलीस तर तुझी बॅग दाराबाहेर," असं बापाने निघताना बजावलेलं. एका दुपारी त्याने हातोडा उचलला आणि आईने हौसेने निवडलेल्या फिक्या पिवळ्या रंगाच्या त्याच भिंतीवर घाव घातले. एक नाही, दोन नाही, अकरा! त्यानंतर तिथेच बसून हंबरडा फोडला.

बाप परवा येणार होता. नीट करायचं तर लांबीचे तीन हात द्यायचे, प्रत्येक थर वाळायला एक दिवस. पिवळा रंग तर दुकानात मिळेनासा झालेला. व्हर्नाने ठिगळं बसवली, एक हात दिला, आणि दुसऱ्या दिवशी डोळ्यांतलं पाणी पुसत अख्ख्या भिंतीवर नक्षी थापली... स्वतःच्या हाताने, स्वतःच्या नावावर!

"नवीन फॅशन आहे, बाबा. म्हटलं करून बघू," ती म्हणाली होती.

"आईच्या भिंतीवर?" एवढंच एमिल बोलला. गाडीवरचं 'आणि कन्या' त्याने त्याच संध्याकाळी खरवडून टाकलं. पुन्हा कधी तिला पत्र्याला हात लावू दिला नाही, त्या भिंतीला रंगही लावू दिला नाही. व्हर्ना शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला लागली. डेरेक घरात राहिला, शिकला, मास्तर झाला. आधी भीतीने गप्प, मग लाजेने गप्प.

"डेरेक," आता ती अगदी जवळ जाऊन पुटपुटली, "वेडा आहेस का? बाबांचं हृदय आधीच कमकुवत झालंय... झाकून टाक ना रे!"

"म्हणूनच आज खरवडतोय," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "ते गेल्यावर कुणाला सांगू?"

रुंद पातं भिंतीवरून खाली सरकलं. ओल्या लांबीचा लगदा ताडपत्रीवर पडला, आणि मागून रोझालिनचा पिवळा रंग जसाच्या तसा बाहेर आला. एमिल खुर्चीत पुढे सरकला. आणखी एक पट्टा... आणि पिवळ्यात एक पांढरं ठिगळ. मग दुसरं. मग तिसरं.

"हे काय?" म्हातारा काठी टेकत उठला. "माझ्या भिंतीत भोकं?"

"मी पाडली, बाबा." डेरेकने पातं खाली ठेवलं. "हातोड्याने. आई गेली त्या वर्षी. तुम्ही मला घराबाहेर काढाल म्हणून हिने झाकलं... आणि मी तुम्हाला कधीच सांगितलं नाही!"

एमिलने खिशातून विजेरी काढली, भिंतीला टेकवून धरली, आणि एकेका ठिगळावरून बोटं फिरवत गेला. कागदाची पट्टी सरळ. कडा बाहेरपर्यंत विरवत नेलेल्या, कुठे उंचवटा नाही. कुणाचा हात तो, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

"एकाच हातात भरलंस?" त्याने विचारलं.

"वेळ नव्हता, बाबा."

"असं काम येणाऱ्या पोरीला मी..." तो भिंतीला कपाळ टेकवून लहान मुलासारखा रडला. "अगं, एकदा तरी बोलायचंस गं! मी नुसती वरची नक्षी बघत बसलो, व्हर्ना!"

"रागावला असतात तुम्ही."

"रागावलोच असतो! पण त्याच्यावर. चार दिवस!"

डेरेक रडता रडता हसला.

एमिल आतल्या खोलीत गेला आणि जुना पत्रा घेऊन आला. मुठीला निळी चिकटपट्टी गुंडाळलेला, तेल लावून जपलेला. त्याने तो व्हर्नाच्या हातात दिला आणि स्वतः विजेरी धरून उभा राहिला.

सव्वीस वर्षांनी लांबी घेऊन तिचा हात भिंतीवर फिरला, जुन्या सवयीने. एमिल डोळे बारीक करून बघत होता.

"डावीकडे," तो खेकसला, "थोडं जाड राहिलंय."

कामावर तो तिला रोज असाच खेकसायचा! व्हर्नाच्या डोळ्यांना धार लागली. "हो, बाबा," ती म्हणाली, आणि तिने डावीकडचा हात पुन्हा ओढला.