पाव्हणं कोण?

कंपनीच्या बसमध्ये जागा कुणी वाटून दिलेल्या नव्हत्या, तरी प्रत्येकाची ठरलेली होती. त्या सकाळी सुकेशनी गायकवाडच्या सीटवर कुणाचं तरी तेल सांडलेलं होतं. बस पैठण रोडला लागेपर्यंत ती दांडी धरून उभी राहिली. मग खिडकीजवळच्या एका तरुणाने शेजारची बॅग मांडीवर घेतली.

"बसा. पण एक सांगा..." तो बाहेर बघत म्हणाला, "फ्लेक्सवरचे सगळे दादा-भाऊ कानाला फोन लावूनच का उभे असतात?"

चौकात वाढदिवसाचा फ्लेक्स होता. अकरा चेहरे, त्यातले चार फोनवर.

"पलीकडून कुणी उचलत नसेल," ती म्हणाली.

तो हसला. आधी डोळ्यांनी, मग ओठांनी. तो सुदर्शन, खरेदी विभागातला, गंगापूरचा. ती रंग तपासायच्या लॅबमध्ये. दुसऱ्या दिवशी तिची सीट कुणीतरी पुसून काढली होती, पण ती तिकडे गेली नाही.

कंपनीचं चितेगाव येईपर्यंत रोज एक प्रश्न, अशी मग सवयच पडली.

"रिक्षावाला मराठी, मी मराठी. तरी 'चलते क्या भाई' असंच का सुरू करतो आपण?"

"भाडं ठरेपर्यंत दोघांनाही परकं राहायचं असतं."

"आणि दुसऱ्याच्या डब्यातली गवार गोड का लागते?"

"डबा उघडा. खाऊन सांगते."

त्याने उघडला. तिने गवार खाल्ली, त्याने तिची मेथी संपवली. नोव्हेंबरात काचेवर धुकं धरायला लागलं. तो बोटाने काचेवर प्रश्नचिन्ह काढायचा, आणि ती खालचं टिंब पुसून टाकायची. पुसताना हाताला हात लागायचा... दोघंही बाहेर बघायचे.

एकदा तिने सांगून टाकलं, "सुदर्शन, मी बौद्ध आहे. माहीत आहे ना?"

"मी मराठा. पुढचा प्रश्न?"

ती खळखळून हसली. एवढं सोपं उत्तर तिला आजवर कुणी दिलं नव्हतं. त्या दिवसापासून ती त्याला अरे-तुरे करायला लागली.

जानेवारीत सुदर्शनने कंपनीतल्या पाच-सहा जणांना शेतावर हुरडा खायला बोलावलं. बाकीचे गाडीने आले, सुकेशनी त्याच्या मोटारसायकलवर. आगटीत गोवऱ्या फुलल्या होत्या. त्याची आई साळूबाई भाजलेली कणसं हातावर चोळून प्रत्येकाच्या ओंजळीत गरम दाणे टाकत होती.

"खा गं, गार झाल्यावर मजा नाय. कोन्या गावची तू?"

"वैजापूरकडची."

"बरं. पाव्हणं कोण तुमचं?"

या भागात हा प्रश्न घरी कोण आलंय म्हणून विचारत नाहीत. सोयरीक कुठे कुठे झाली ते सांगितलं की जात आपोआप कळते, आणि विचारणाऱ्याने जात विचारली असं होत नाही. सुकेशनीने तोंड उघडलं. पण उत्तर सुदर्शनने दिलं.

"आई, वैजापूरचे काकासाहेब गायकवाड नाहीत का? त्यांच्या भावकीतली."

"अगं बया! मग आपल्यातलीच की!" साळूबाईने तिला दंडाला धरून स्वतःच्या पोत्यावर बसवून घेतलं. मग लसणाची चटणी तिच्याकडे, दही तिच्याकडे, गुळाचा मोठा खडा तिच्याकडे. "लई वाळलीस गं. कंपनीतलं खाणं का खाणं असतंय?"

सुकेशनी खात राहिली. बाकीचे हसत-बोलत होते. प्रत्येक घास दुसऱ्याच कुठल्या मुलीला भरवला जातोय, असं तिला वाटत होतं.

चारच्या सुमारास सगळे निघाले. बांधावरून मोटारसायकल डांबरी रस्त्याला लागली तशी ती म्हणाली, "थांब."

तो थांबला. "सुकेशनी, ऐक. तोंडातून सहज निघून गेलं."

"सहज काकासाहेब निघाले?"

"तू आईला ओळखत नाहीस. मी भितो तिला. हळूहळू सांगू ना..." त्याने आरशावरून हात फिरवला. "मला तू हवी आहेस. लग्न करायचंय मला तुझ्याशी."

हे वाक्य ऐकायला ती चार महिने थांबली होती. ते आलं, आणि ती हिशेबी डोक्याने पुढचा विचार करत होती.

"मांडवात माझे आई-बाप कोण असतील?"

"म्हणजे?"

"माझी आई, वच्छलाबाई. गावात आशा-सेविका आहे ती. पांढरी साडी नेसून येईल, बुद्धवंदना म्हणेल. तिला कुठं बसवशील? काकासाहेबांच्या शेजारी?"

"काहीतरी मार्ग निघेल गं..."

"मागे वळव गाडी. आत्ता सांगू."

"आज नको. प्लीज."

ती उतरली आणि हेल्मेट हातात घेऊन चालत शेतात गेली. तो गाडीवर बसून राहिला.

साळूबाई आगटीवर माती लोटत होती. "काय राहिलं गं?"

"मावशी, मी त्या गायकवाडांतली नाही. आम्ही बौद्ध. गावात आमचं घर भीमनगरात आहे."

साळूबाईचा हात थांबला. मग ती उठली, लुगड्याला हात पुसले.

"बरं झालं सांगितलंस. मी बी खोटं बोलत नाय बाई. आमच्यात नाय चालायचं हे."

"माहीत आहे मला. तुम्ही त्याला रागावू नका. तुम्हाला भिऊन बोलला तो."

"मला?" साळूबाईने तिच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. "बारावीला पळून पुण्याला गेला, मला इचारलं नाय. बापाशी भांडून वावर इकून गाडी घेतली, मला इचारलं नाय. तीन पोरी दाखवल्या, तिन्ही मोडल्या. त्यो मला कधी भ्याला, पोरी?"

साळूबाईने घागरीतून तांब्या भरला. तो सुकेशनीपुढे करावा की नाही, हे तिचं ठरत नव्हतं. शेवटी तिने तो आगटीवर ओतला. वाफ उठली.

"नीघ. उन्हं उतरायला लागली."

रस्त्यावर सुदर्शन आता गाडीला टेकून उभा होता. "काय म्हणाली आई?"

"खरं बोलल्या."

"म्हणजे? चिडली का? मी समजावतो तिला, मला थोडा वेळ दे फक्त..."

तिने हातातलं हेल्मेट मोटारसायकलच्या सीटवर ठेवलं. गंगापूरकडून वडाप जीप येत होती, आधीच गच्च भरलेली. तिने हात केला. मागच्या फाळक्यावर एकाने पाय आवरून वीतभर जागा दिली, आणि ती चढली.

"सुकेशनी, पडशील तिथं! मी सोडतो ना घरी!"

जीप हलली. तिने दोन्ही हातांनी दांडी धरली.