बटाट्यांच्या खड्ड्यातल्या मुंग्या

ऋजूला भाऊ झाला ते साल २०६१. भाऊ दोन महिने आधीच जन्मला, ओंजळीएवढा. पुण्याच्या दवाखान्यात त्याला उबदार काचेच्या पेटीत ठेवलं, आईबाबा त्या पेटीपाशी बसले आणि ऋजूची रवानगी झाली थेट हिमाचलात, बाबांच्या आत्याकडे. सुप्रियाआजी कीटकशास्त्रज्ञ (किड्यामुंग्यांचा अभ्यास करणारी). देवदारांच्या रानात तिचं एकटं घर. घरात आजी, उन्हावर चालणारा खंडू नावाचा यंत्रमानव आणि काचेच्या पेटीत पाळलेल्या मुंग्या.

ऋजू मुंग्यांशीच बोलायची. आईचा फोन आला तरी मुंग्यांचंच सांगत बसायची. बाळ कसं आहे, हे विचारायची तिला भीती वाटे.

कार्तिक लागला आणि मुंग्या मंदावल्या. मधाकडे ढुंकून बघेनात. राणीनं अंडी घालणं थांबवलं. एका सकाळी सगळ्या राणीला बिलगून बसल्या त्या हलेचनात. ऋजूला वाटलं, आता या मरणार. तिनं गुपचूप पेटीखाली गरम पाण्याची पिशवी सरकवली, वरून आपली गोधडी घातली. मुंग्या उठल्या, सैरावैरा धावू लागल्या. ऋजूला हायसं वाटलं. ती रोज पिशवी बदलू लागली.

मग पेटीच्या कोपऱ्यात मेलेल्या मुंग्यांचा ढीग दिसू लागला.

"आजी, ऊब दिली तरी मरतायत गं!"

आजीनं गोधडी उचलली. "पिशवी कुणी भरून दिली?"

"मी," खंडू म्हणाला. "ऋजूनं मागितली. मुंग्यांना विचारा असं कुणी सांगितलं नव्हतं."

"शहाणाच आहेस!"

"बाळालाही काचेच्या पेटीत ऊबच देतात ना?" ऋजूला रडू फुटलं.

आजी तिला जवळ घेऊन म्हणाली, "बाळाचं शरीर कायम एकाच उबेवर चालतं, तुझ्यामाझ्यासारखं. ती ऊब त्याची त्याला अजून पुरत नाही, म्हणून पेटी देते. मुंगीचं तसं नाही. भोवती जेवढं गार, तेवढी ती गार. आता सांग, ढग आले की खंडू काय करतो?"

"कोपऱ्यात बसतो. एक दिवा तेवढा लुकलुकतो."

"मेलेला असतो का?"

"छे," खंडूच म्हणाला. "साठवलेलं पुरवून वापरतो."

"मुंग्याही तेच करतात. थंडीआधी पोटभर खातात आणि मग गारठ्यात पडून राहतात. ही शीतनिद्रा (थंडीत शरीराचं काम मंदावणं). तू त्यांना उठवलंस. धावण्यात साठा जळतो, विश्रांती मोडते. अशानं राणीसुद्धा जाईल."

"मग बाहेर बर्फात ठेवू?"

"गोठतील. रानात त्या जमिनीत खोल जातात, गोठवणारी थंडी पोचत नाही तिथं. काचेतून कुठं जाणार बिचाऱ्या? आपणच न्यायचं."

एकदम गार करायचं नव्हतं. पिशवी काढून पेटी आधी थंड ओसरीवर ठेवली. झोपेतही तहान लागते, म्हणून पाण्याच्या नळीला कापसाचा बोळा लावून ती आत बसवली. मग खंडूनं घराखालचा बटाट्यांचा खड्डा उघडला. तिथं बटाटे गोठत नाहीत आणि त्यांना कोंबही फुटत नाहीत. पेटी खाली गेली, झाकण पडलं.

"पाणी मी बघत जाईन. फाल्गुन सरेपर्यंत तू उघडायचं नाहीस," आजी म्हणाली.

बर्फ पडू लागला. रस्ता बंद झाला. आजी तिच्या कामात, खंडू कोपऱ्यात लुकलुकत. बोलायला कुणीच उरलं नाही. ऋजू झाकणावर जाऊन बसायची. खाली सगळं जिवंत आहे आणि आपण काहीच करायचं नाही, हे तिला फार जड गेलं. एका दुपारी तिथूनच तिनं आईला फोन लावला.

"आई, बाळ कसं आहे गं?"

"पेटीतून बाहेर काढलंय आज," आई म्हणाली. "तू विचारशील म्हणून वाट बघत होते."

चैत्रात झाकण उघडलं. मुंग्या निपचित होत्या. ऊन चढलं, तशी एकीची मिशी थरथरली. मग दुसरीची. दुपारी राणी चालू लागली. आठवड्याभरात पांढरी अंडी दिसली.

पुण्याला गेलेली ऋजू पुढच्या दिवाळीत पुन्हा आजीकडे आली. या खेपेला पेटी तिनं स्वतः खड्ड्यात उतरवली. चैत्रात झाकण उघडताना भावाला मांडीवर घेऊन बसायचं, असं तिनं खंडूला सांगून ठेवलं.

सुप्रियाआजी २०६२च्या मार्गशीर्षात वारली. मुंग्या तेव्हा खड्ड्यात झोपलेल्या होत्या, आणि चैत्राआधी झाकण उघडायचं नाही हे ऋजूला ठाऊक होतं.