दुरुस्तीचा अधिकार

पुष्पावती दारात आली ती रडतच. "इंद्राणीताई, बारा वाजता माझं तोंड काळं होणार!"

खाजगी तपास करणाऱ्या इंद्राणीने तिला बसवलं. ताईच्या डोळ्यांतली चमक पाहून तिचा धाकटा भाऊ गोवर्धन टॅक्सीची किल्ली शोधू लागला.

१९८८ साल होतं. भारतापासून दूर, बेटावरच्या शमें ग्रेनिए गावातल्या मराठी मंडळाने परीक्षेचे गुण ठेवायला नुकताच संगणक घेतला होता. पहिल्या येणाऱ्याला पुण्याला शिकायला पाठवणार होते. पुष्पावतीची भाची देवकी एक्याऐंशी गुणांनी पहिली होती. काल कुणीतरी संगणकावर ते अठ्ठ्याण्णव केले, तेही पुष्पावतीच्या नावाने. आज बारा वाजताच्या सभेत देवकी बाद होणार, आणि मंडळातली पुष्पावतीची नोकरीही जाणार.

"पण मला गुण फक्त वाचता येतात. बदलायचा अधिकारच नाही!"

"म्हणजे कुणीतरी तो दिला," इंद्राणी उठली. "चला!"

मंडळात संगणक सांभाळणारा बलराम भेटला. "कुणाला काय करता येईल, ते एका फाइलमध्ये लिहिलेलं असतं," तो म्हणाला. "तिथे पुष्पावतीसाठी नवा परवलीचा शब्द आणि दुरुस्तीचा अधिकार घातलाय."

तो एका बोटाने, इंग्रजी कळफलकावर एकेक अक्षर शोधत होता.

"त्या फाइलची आधीची प्रत?" इंद्राणीने विचारलं.

"यंत्र आपोआप ठेवतं. ही बघा."

पडद्यावर इंग्रजी अक्षरांतलं नाव चुकीचं होतं. पुष्पावतीमधल्या दोन्ही 'ए'च्या जागी 'क्यू'.

"आयो! घाईत चुकलं असेल," गोवर्धन म्हणाला.

"दोन्ही वेळा तीच चूक?"

पुष्पावती म्हणाली, "मी इंग्रजी टंकलेखन शिकले. स्वतःचं नाव कशी चुकेन?"

मंडळाचे सचिव राधाकृष्ण आले. त्यांचा मुलगा प्रेम परीक्षेत दुसरा होता, आणि पुष्पावतीविरुद्ध तक्रार त्यांनीच केली होती. "त्या यंत्राला मी हातही लावलेला नाही. वीस वर्षं वकिलाकडे फ्रेंच टाइपरायटर चालवला, तोच बरा."

"न बघता?"

"डोळे मिटून!"

"मग काका, तुमची तक्रार इथेच टाइप करा. खाली नाव घाला."

सगळ्यांसमोर नाही कसं म्हणणार? बोटं भरभर फिरली. गोवर्धन पुढे झुकला आणि ओरडलाच, "ताई, इथेही क्यू! तीन-तीन!"

"फ्रेंच यंत्रावर 'ए' जिथे असतो, तिथे इंग्रजी यंत्रावर 'क्यू' असतो," इंद्राणी म्हणाली. "बलराम कळ बघून दाबतो, पुष्पावती इंग्रजीवर शिकली. चूक फक्त तुमच्याच बोटांची. नाव चुकलं म्हणून अधिकार चालला नाही, मग तुम्ही ते सुधारलंत. पण चुकलेली प्रत यंत्राने जपून ठेवली."

"मी देवकीचे गुण वाढवीन कशाला?"

"चोरी दिसावी म्हणून. पहिली बाद झाली की दुसरा पुण्याला."

राधाकृष्णांची मान खाली गेली. "प्रेमला यातलं काही ठाऊक नाही," ते एवढंच पुटपुटले.

बलरामने देवकीच्या नावापुढे पुन्हा एक्याऐंशी लिहिले. बारा वाजायला दहा मिनिटं होती. देवकी धापा टाकत आत आली, तेव्हा पुष्पावतीने तिला घट्ट धरलं.

"पुण्याला थंडी असते म्हणे," ती डोळे पुसत म्हणाली. "आजच लोकर आणते."