दोन बोटं उंच

घर बघायला जाताना लोक खिडक्या बघतात, उजेड बघतात, शेजारी कोण ते विचारतात. ती आधी दार मोजायची. धंद्यानं शिंपीण, गळ्यात टेप कायमचीच; आणि बसलेली चाकांच्या खुर्चीत. दारानं आत घेतलं तरच पुढचा उजेड आणि शेजार. अकरा घरं बघून झाली होती. कुठे दार अरुंद, कुठे न्हाणीघरात खुर्ची वळेना, एका ठिकाणी सगळं छान आणि दारापुढे चार पायऱ्या. "चारच तर आहेत," घरमालक म्हणाला होता. त्याला वाटलं, तेवढ्यासाठी ही बाई उगाच भाव खातेय.

हे बारावं घर आणि शेवटचं. तसं दादाशी ठरलंच होतं. दुकानामागची तिची खोली पाडायला निघाली होती, महिनाच उरला होता. इथेही जमलं नाही तर हट्ट सोडायचा आणि मुकाट्यानं दादाकडे राहायला जायचं. दादा चांगला, वहिनी त्याहून चांगली. वाईट होता तो त्यांचा तिसरा मजला. लिफ्ट लहरी. ती रुसली की दादा बहिणीला उचलून खाली न्यायचा, आणि दादाच्या कमरेनं आता पन्नाशी ओलांडली होती. त्याला सवड असेल तर बाहेर, नसेल तर खिडकी. तिला दुसऱ्याच्या सवडीनं जगायचं नव्हतं. म्हणणं एवढंच होतं, पण सगळ्यांना ते फार वाटायचं.

गल्लीच्या टोकाला, तळमजल्यावर दोन खोल्या. किल्ली शेजारच्या मालकीणबाईंकडे होती. त्या तिच्याकडे बघून ओळखीचं हसल्या. "ये बाई. वाटच बघत होते तुझी."

दलालानं फोन केला असेल, असं तिला वाटलं.

तिनं वाकून दारात टेप लावली. उंबरा नव्हताच. फरशी रस्त्यावरून सरळ आत गेलेली, सपाट. रुंदी छत्तीस इंच.

"मापाडीणबाई खूश झालेल्या दिसतात," बरोबर आलेला दादा म्हणाला.

"अजून न्हाणीघर राहिलंय. तू जा, चहा पिऊन ये निवांत. राहायचं मला एकटीला, मग बघूही दे एकटीला."

दादा गेला. दुपार कलायला लागली होती. तिनं चाकांना हात घातला आणि आत गेली.

पहिला आला तो वास. ताज्या लाकडाचा, भुशाचा आणि लाकूड चिकटवायच्या शिजवलेल्या सरसाचा. वीस वर्षांत हा वास असा एकत्र आलाच नव्हता. बाबा गेले, त्यांच्यामागे घर विकलं, अवजारं कोणीकोणी नेली, आणि वास कुठे गेला ते कोणी विचारलंच नव्हतं.

बाबा सुतार होते. ती आठ वर्षांची असताना ताप आला, ताप गेला आणि जाताना पाय घेऊन गेला. आई त्याआधीच गेलेली. बाबांनी महिनाभर बाहेरचं काम घेतलं नाही, घर कापायला घेतलं. दारं रुंद केली, ओटा खाली आणला, कड्या, खुंट्या, बटणं सगळी खाली आणली. टेप त्यांनी कधी वापरली नाही. एक पाच फुटी काठी होती, तिच्यावर खाचा. ही कोपराची, ही गुडघ्याची, ही हात वर केल्यावर बोटं पोचतात त्याची. "हलू नकोस हं," म्हणायचे, आणि ती श्वास धरून बसायची. दादाला शाळेच्या वह्या होत्या, तिला बाबांची काठी होती. फार सुखाचे दिवस होते ते. पाय गेल्याचं दुःख तिला आठवत नाही. आठवतं ते मानेवर पडणारं बाबांच्या पेन्सिलीचं टोक.

पण एक घोळ झाला. माप घ्यायच्या आदल्याच दिवशी बाबांनी खुर्चीत कापसाची जाड गादी टाकली होती. लेक त्या गादीवर टेचात बसली आणि तसंच माप घेतलं गेलं. महिन्याभरात कापूस बसला, लेक दोन बोटं खाली गेली आणि सगळं घर दोन बोटं उंच राहिलं. "वाढशील की," बाबा म्हणाले. कपड्याला वाढतं अंग ठेवतात, तसं त्यांनी घराला ठेवलं. त्या तापानंतर ती फारशी वाढलीच नाही. उजवा खांदा जरासा उचलून काम करायची सवय मात्र लागली, ती आजतागायत. स्वतःचे कपडे बेतताना ती उजवा खांदा वेगळा कापायची.

दिवा लावायला तिनं हात उचलला. बटण बरोबर हाताशी आलं, आणि खांदा आपोआप वर गेला.

ती थांबली. ओट्यापाशी गेली. कोपर टेकवलं. दोन बोटं उंच. खुंटी, कडी, न्हाणीघराची मूठ... तिनं टेप काढलीच नाही. खांदाच सांगत होता.

"असतं एखादं माप तसं," ती मोठ्यानं म्हणाली. रिकाम्या खोलीत तो आवाज दुसऱ्याच कोणाचा वाटला.

दाराच्या फळीमागे काहीतरी उभं होतं. तिनं दार ओढलं. काठी होती. कोपराची खाच, गुडघ्याची खाच, आणि खाली, लहानपणी तिनंच दातानं चावलेलं टोक. बाबांना शेवटचं नेताना दादानं ही काठी त्यांच्याशेजारी ठेवली होती. तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. बाबांबरोबर काठीही गेली होती.

आतल्या खोलीत रंधा चालायला लागला. सर्र... सर्र... आणि मध्ये थांबून एक फुंकर.

तिनं खुर्ची वळवली ती थेट बाहेरच्या दाराकडे. पुढची चाकं कशावर तरी आदळली आणि ती पालथी पडता पडता वाचली.

दारात उंबरा होता.

काळसर, तीन बोटं उंच, आणि मधोमध खोक पडलेला. तो तिनं ओळखला नसता तर नवल. बाबांनी घरातला एकूणएक उंबरा कापला होता, फक्त बाहेरच्या दाराचा ठेवला होता. "गाड्या असतात बाहेर. मी आहे ना न्यायला." एकोणिसाव्या वर्षी ती एकदा रागाच्या भरात खुर्चीचा पाय ठेवायचा पायटा त्यावर आपटत राहिली होती, लाकडाला खोक पडेपर्यंत. बाबा आत काम करत होते. आले नाहीत, बोलले नाहीत. पुढे पाच वर्षं ते जगले, पण त्या खोकेबद्दल दोघांनी चकार शब्द काढला नाही.

बाहेर गल्लीत ऊन होतं. दादा कुठे दिसत नव्हता. मागे रंधा चालूच होता, घाई नसल्यासारखा. आणि खरं सांगायचं तर भीतीच्या खाली एक फार जुनं सुखही होतं. ओटा होता, उजेड होता, आत बाबा काम करत होते. राहावं इथंच, असं तिला वाटलं. कुठं जायचंय कशाला...? त्या विचारानंच ती दचकली.

"बाबा," ती म्हणाली.

रंधा थांबला.

"सगळं घर केलंत माझ्यासाठी... हा एवढाच का ठेवलात?"

आत कोणी हललं नाही. पण कोणीतरी ऐकत होतं.

"मला ठाऊक आहे का ठेवलात. मी पडले असते. तर पडले असते, बाबा... उठवायला लोक असतात. मला तुमचा राग नाही आता. पण कापा हा. मी सांगून जाईन. परत येईन... दर वेळी."

मग तिच्या पायांशी, अगदी पायट्याखाली, करवत चालू झाली. लहानपणी बाबा म्हणायचे, डोळे मीट, भुसा जाईल. तिनं डोळे मिटले. डोळ्यांतून पाणी आलं ते तसंच वाहू दिलं.

आवाज थांबल्यावर तिनं चाकं ढकलली. फरशी सपाट होती. ती उन्हात आली तेव्हा चाकांना ओला भुसा चिकटला होता.

दादा चहा पिऊन आला. "काय ठरलं?"

"घेते."

"मापं बसली?"

"दोन बोटं इकडे तिकडे," ती म्हणाली. "चालेल."

मालकीणबाई किल्ली परत घेताना म्हणाल्या, "काम आवडलं ना गं? तुझे वडील स्वतः येऊन करून गेले गेल्या महिन्यात. म्हणाले, पोरगी येणारेय माझी. चहाला थांबा म्हटलं तर थांबले नाहीत."

दादानं बहिणीकडे पाहिलं. बहिणीनं त्याच्याकडे पाहिलं नाही.

सात महिने झाले आता. दुकान पुढच्या खोलीतच आहे. बाहेर जाताना ती "येते हं" म्हणते आणि निघते. दोनदा विसरली. दोन्ही वेळा पुढची चाकं आदळली, आणि सांगितल्यावर वाट मोकळी झाली. या सोबतीचं तिला आता भय वाटत नाही. उलट दादाकडे दोन दिवस राहिली की परतायची ओढ लागते. काठी दारामागेच असते. तिच्यावरची प्रत्येक खाच तिच्या ओळखीची आहे.

परवा दुपारी केर काढताना काठी आडवी पडली आणि तिला वरच्या टोकाजवळ एक नवी खाच दिसली. बोट फिरवलं तर भुसा लागला. कोपराची नाही, गुडघ्याची नाही, हात पोचेल तिथली तर नाहीच, फार लांब होती. बाबांचं एक काम राहून गेलं होतं, तिच्या मापाचा पलंग. ते असेल, असं म्हणून ती काठी घेऊन गादीवर आडवी झाली आणि चावलेलं टोक टाचेशी लावलं. आठव्या वर्षानंतर ती कधी उभी राहिली नव्हती. स्वतःची उंची किती, हे तिला कधी कळलंच नव्हतं.

खाच बरोबर डोक्याशी आली. दोन बोटं वर नाही, खाली नाही. अगदी नेमकी.

पलंग करायचा तर माणसापेक्षा वीतभर लांब करावा लागतो, हे सुताराच्या लेकीला कोणी सांगायला नको. डोक्यापासून टाचेपर्यंत असं नेमकं माप तिनं एकदाच घेतलेलं पाहिलं होतं, बाबांना शेवटचं नेताना. ती छताकडे बघत पडून राहिली. काठी बाजूला ठेवायला हवी होती. पण आतल्या खोलीत रंधा चालू झाला होता, आणि तिनं श्वास धरला होता, कोणीतरी हलू नकोस म्हटल्यासारखा.