ऊन लागणारे रुपये

तोताराम नाना वारले तेव्हा बिस्किटाच्या डब्यात चांदीचे एकोणीस रुपये ठेवून गेले. दोंडाईच्याच्या त्या घरात मूल जन्मलं की बाराव्या दिवशी त्याच्या मुठीत एक रुपया देत. मग त्याला शाईनं नाव लिहिलेली चिंधी बांधून तो डब्यात टाकत. माणूस जिवंत असेतो त्याचा रुपया उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायचा नाही. गेलाच, तर माणूस मागोमाग जातो, असं नाना सांगत.

त्यांची सून लिलाबाई हे ऐकून हसायची. पण नाना गेल्यावर महिन्याभरात, सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात, तिची पाच महिन्यांची पोर, सोनी, फाटलेल्या ओठानं दूध ओढू शकेना. लिलाबाई वाटीत दूध पिळून चमच्यानं पाजी. धुळ्याच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. मग ठरलं, गेलेल्यांचे सोळा विकायचे. नवरा भटू, दीर अभिमन आणि सोनी, या तिघांचे ठेवायचे.

धुळ्याचा व्यापारी दुपारी येणार होता. माल चकचकीत दिसावा म्हणून लिलाबाईनं सकाळीच चिंध्या सोडून चुलीत घातल्या आणि सगळे रुपये चिंच-राखेनं घासले.

सासू धुरपदाबाई दारातच थबकली. "हाई काय कयं तू? बठ्ठा नावे बयी ग्यात!"

लिलाबाईनं चुलीकडे पाहिलं; चिंध्यांबरोबर नावंही जळाली होती. सोनीचा रुपया कोणता?

"रडू नको," सासू म्हणाली. "जित्ता माणूसना रुपया ऊन लागस. लाई दख."

रांजणामागच्या थंड फरशीवर लिलाबाईनं रुपये मांडले. घटकाभरानं एकेकावर तळहात ठेवत गेली. गार. गार. तिसरा कोमट लागला, नुकताच कुणी मुठीतून सोडल्यासारखा. पुढं आणखी एक. मग आणखी एक.

शेवटून दुसराही ऊन होता.

"सासूबाई, चार आहेत."

धुरपदाबाई खाली बसली.

"मनी कौतिक," ती म्हणाली. "भटूना आधीनी. चार महिनानी हुती. भूकी गयी व माय. माले दूधच उतरनं नही."

व्यापारी आला. रुपये पाहून त्यानं कपाळाला हात लावला. "अक्का, घासायला कुणी सांगितलं? काळ्या चांदीला जास्त दिले असते." तरी पंधरा घेतले. उरलेल्यांकडे बोट केलं. "यातला एक द्या, म्हणजे तुमचं ऑपरेशनचं भागेल."

"एक दी टाक," सासू पुटपुटली. "तिनाच."

"तिचा कोणता?" लिलाबाईनं विचारलं.

सासूनं चारही चाचपून पाहिले.

लिलाबाईनं चारही पदरात घेतले. चारही सारखेच ऊन. "नाही विकायचे," ती म्हणाली. "कमी पडतील ते बघू."

व्यापारी गेला. चारही रुपये परत डब्यात गेले. सोनी झोळीत झोपली होती. लिलाबाई भिंतीला टेकून, वाटी घेऊन दूध काढायला बसली. डावीकडून थोडं निघालं.

उजवीकडे तिनं हात नेला आणि तसाच थांबवला.

रिकामी मांडी ऊन झाली होती.

झोळी हलत नव्हती. सोनीचा श्वास तिथून ऐकू येत होता.

पाच महिन्यांत पहिल्यांदाच कुणीतरी जोर लावून तिचं दूध ओढत होतं.

लिलाबाईनं वाटी हळूच खाली ठेवली, आवाज होऊ न देता.