विल्फने नाकारलेला गोल

शेकोटीत अजून एक ओंडका टाका रे कुणीतरी. आणि तू, दात काढणं बंद कर. हे मला विल्फ ट्रेमबाथने स्वतः सांगितलंय, आणि थापा मारायला विल्फ काही आपल्या क्लबाचा सेक्रेटरी नव्हता.

विल्फ आपल्याच मैदानावर ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा गोल अंपायर होता. चेंडू खांबांमधून गेला तरी त्याने दोन बोटं पुढे केल्याशिवाय गोल धरत नसत. फायनलला वेळ संपल्याची घंटा वाजली तेव्हा चेंडू त्याच्या पोराच्या, रेगच्या हातात होता. म्हणजे नियमाने शेवटची लाथ रेगची. चेंडू खांबाला नुसता घासून गेला. विल्फने एकच बोट दाखवलं, म्हणजे खांबाला लागला म्हणून गोल नाही, नुसता एक गुण; आपण हरलो. लोक विल्फच्या अंगावर धावून गेले. रेग मात्र हसला. म्हणाला, "बाबा, हा गोल तुझ्याकडून घेतल्याशिवाय खेळणं सोडत नाही!"

मग लढाई आली. क्लब बंद, मैदानात मेंढ्या. रेग न्यू गिनीला, तिथल्या पावसात आणि लाल चिखलात लढायला गेला आणि तार आली, 'बेपत्ता'. मेला म्हणावं तर नाही, जिवंत म्हणावं तर तेही नाही. विल्फची झोप उडाली ती उडालीच.

१८ सप्टेंबर १९४३, शनिवारची रात्र. मैदानाचं फाटक वाऱ्याने आपटत होतं.

"मेंढ्या रस्त्यावर येतील. लावून येतो."

"मफलर घे, विल्फ," इडा म्हणाली. त्याची बायको.

गोलमागचं फाटक त्याने लावलं. वळला, तेवढ्यात...

धप्प.

चेंडूला लाथ बसल्याचा आवाज. डोक्यावरून काहीतरी सूं करत गेलं. बरोब्बर मधून.

"कोण आहे रे?"

मेंढ्या एका कोपऱ्यात दाटून उभ्या होत्या.

धप्प. पुन्हा मधून.

अशी लाथ गावात एकाचीच बसायची.

विल्फला कळलं. बोटं दाखवली की गोल झाला. गोल झाला की पोरगा खेळणं सोडणार... कायमचं. त्याने दोन्ही हात खिशात कोंबले.

"नाही देणार, रेग! आधी घरी ये!"

धप्प...

धप्प...

किती वेळ चाललं, देव जाणे. दर लाथ आधीपेक्षा मंद. चेंडू आता जेमतेम पोचत होता.

मग अंधारातून आवाज आला. दमलेला.

"बाबा... दे ना आता. उभं राहवत नाही रे."

हे सांगताना विल्फ माझ्याकडे बघत नव्हता. म्हणाला, "बाप काय करील, तूच सांग."

त्याने हात बाहेर काढले. दोन बोटं पुढे केली.

...

पुढे काही नाही. तो तसाच घरी आला.

"मेंढ्या आहेत ना सगळ्या?" इडाने विचारलं.

विल्फ कोट काढायला पाठमोरा झाला, आणि इडाच्या हातातली किटली खाली पडली.

कोटाच्या पाठीवर दोन हातांचे ठसे होते. मिठी मारताना पडतील तसे. लाल, ओल्या चिखलाचे. आणि आपल्या गावात, पोरांनो, जूनपासून पावसाचा थेंब नव्हता.

इडाने ठशांवर हात ठेवला.

कोमट होते.